बुचाला बांधलेली चावी

दोना देओलिंदाने चावी दिली ती
मुठीएवढ्या बुचाच्या गोळ्याला बांधलेली.
पाण्यात पडली तर तरंगेल, असं खुणांनी सांगून
तिने खिडकीतून नदी दाखवली,
जणू तीही भाड्यात धरलेली.

ऑक्टोबर. उन्हाळी पाहुणे गेलेत.
आईस्क्रीमवाल्याने फळ्यावरचे भाव पुसलेत,
फळा तसाच ठेवलाय.
पोस्टाच्या पायरीवर तीन म्हातारे
आणि मध्ये एका माणसापुरती जागा.
कुणाची, की नुसती उन्हासाठी,
मी विचारलं नाही.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात आपल्याकडे.
मुखाबद्दल कुणी काही बोललेलं नाही,
म्हणून आले.

नाव हिचं मीरा. खरंच.
समुद्राच्या ओढीने निघालेली वगैरे
लिहायचा मोह झाला पहिल्या संध्याकाळी.
पण पाहिलं तर दिवसातून दोनदा
समुद्रच उठून हिच्या घरी येतो,
खारट, चपलांसकट,
आणि ही मागे सरकून त्याला जागा करून देते.

देओलिंदाची भाषा मला येत नाही.
पण पाव म्हटलं की ती पाव देते,
बादली म्हटलं की क्षणभर थांबून बादली.
चावीसुद्धा हिच्याकडचीच,
कधीतरी जहाजातून आमच्याकडे आलेली,
आम्ही परत केली नाही.
रात्री तिने लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यात
शिळा पाव भिजवून वर अंडं सोडलं.
कोथिंबिरीच्या वासाने मी उगाच
खुर्ची जवळ ओढून बसले.

माझ्याकडे यादी होती. दीपगृह,
कड्यावरची करकोच्यांची घरटी, पलीकडची पुळण.
होडी किती वाजता सुटते, विचारलं बेल्मिरोला.
तुम्ही बसलात की, म्हणाला त्याचा पुतण्या इंग्रजीत.
मी बसले.
मग आम्ही रताळ्यांची पेटी घेऊन येणाऱ्या
एका बाईची वाट पाहत बसलो.

नदीच्या मध्यावर फोटो काढायला फोन काढला
तर खिशातून चावीच निघाली आधी.
डुबुक. मग वर आली,
आणि बघता बघता निघाली
समुद्राकडे नाही, उलटी, डोंगरांकडे.
मी ओरडले. बेल्मिरोने वल्ह्याला हातही लावला नाही.
भरती आहे, वर चाललीये,
सहा तासांनी खाली येईल, जेवून घ्या.
पुतण्याने हे सांगितलं तेव्हा
रताळेवाली बाई हसत होती.

सहा तास धक्क्यावर बसले.
बाटली आली, चप्पल आली, लव्हाळ्याचा पुंजका.
शेवटी तोंड पाडून घरी गेले.
देओलिंदाने हात पुसले
आणि बोटाने माझं दार ढकललं.
उघडंच होतं. उघडंच असतं.
चावी पाहुण्यांसाठी, तिने डोळे मिटून
मान हातावर टेकवून दाखवलं,
नाहीतर तुम्हाला झोप लागत नाही.

तिसऱ्या दिवशी एक पोरगा आला,
घोट्यापर्यंत चिखल, हातात बुचाचा गोळा.
मी धावले. पण बूच काळं पडलेलं,
चावीला गंजाची साल, आणि पुसल्यावर आकडा: पाच.
घरात खोल्या चार.
देओलिंदाने ती बराच वेळ तळहातावर धरली,
वजन करावं तशी.
मग अंगणाकडे पाहून म्हणाली, आदेरितो.
तिथे फक्त लिंबाचं झाड होतं,
आणि बुंध्याजवळ जुन्या फरशीच्या चार लाद्या.
पोराला तिने दोन लिंबं दिली.
त्याला बहुधा पैसे हवे होते.

यादीतलं दीपगृह राहिलं.
दार उघडं टाकून झोपायला दोन रात्री लागल्या,
दुसऱ्या रात्री तर एक मांजर आत येऊन गेली.

निघताना म्हटलं, चावीचे पैसे धरा.
तिला कळलं नाही, किंवा कळलं.
तिने माझ्या हातात बादली दिली
आणि लिंबाकडे बोट केलं.
बस यायला वेळ होता.
मी दोन बादल्या घातल्या.